सकाळी न सापडणारा माऊस

कोळसा खाणींच्या घुग्घुसला वडिलांच्या एका मित्राचा, आमच्या चाचांचा, टायपिंग क्लास होता. टाइपरायटरवर शिकायला कुणी येईना, म्हणून मीच त्यांच्या मागे लागलो, कॉम्प्युटर घ्या. त्यांनी घेतला. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम टाकली, तीही मीच. येत्या सोमवारी कॉम्प्युटरची पहिली बॅच होती. ती फसली तर क्लासला कुलूप, असं चाचांनी घरी सांगून टाकलं होतं.

आणि मशीन रोज सकाळी रुसायचं. स्क्रीनवर रंगीत चित्रं येण्याऐवजी काळ्यावर पांढरी अक्षरं यायची, माऊस सापडत नाही. चाचांचा फोन आला की मी दुपारी चंद्रपूरहून बस धरायचो. मी जाऊन पुन्हा चालू केलं की सगळं झकास! तरी मी सेटिंगची फाईल उघडायचो, माऊस कोणत्या जातीचा, कुठे जोडलाय हे सांगणारी एखादी ओळ बदलायचो आणि मोठा तीर मारल्यासारखा चहा प्यायचो. दुसऱ्या सकाळी पुन्हा फोन.

शनिवारी माझं डोकं फिरलं. नाव नोंदवायला आलेल्या चार जणांसमोर मी बोलून गेलो, "चाचा, तुम्हीच फाईलला हात लावता." ते एवढंच म्हणाले, "नाई, बेटा."

रविवारी पहिल्या बसने गेलो आणि दारातच उभा राहिलो. चाचांनी टेबलावरची कोळशाची धूळ पुसली, मशीन चालू केलं. मग कपाटाचं कुलूप उघडून रुमालात गुंडाळलेला माऊस काढला. धुळीने त्याच्या पोटात फिरणारी रबरी गोळी अडकते, म्हणून रोज संध्याकाळी ते माऊस काढायचे, गोळी धुवायचे आणि सगळं कपाटात ठेवायचे. मशीन उठल्या उठल्या माऊस शोधायचं, तेव्हा तो कुलपात. मी पोचेपर्यंत तो जोडलेला असायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही एसटीने!

मी हसत सुटलो. मग कालचं आठवलं आणि माफी मागितली.

"माफी काऊन मांगतो?" चाचा म्हणाले. "पन इतके दिवस त्या फाईललेच विचारून राह्यला होता. एकदा मले विचारलं असतं, त सांगितलं नसतं का?"

सोमवारी चाचांनी आधी माऊस जोडला, मग बटण दाबलं. पडदा उजळला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून बॅचला सांगितलं, "हे आपले सर. मशीन यांनीच सुधारली."

समोर शनिवारचेच चौघे बसले होते. मला मान वर करवेना.