भीमाबाईंचा झरोका

तीस वर्षं भीमाबाईंनी दुसऱ्यांच्या घरांसाठी घमेली वाहिली. श्रीरामपूरच्या कितीतरी भिंतींची वाळू त्यांनी चाळली, विटा भिजवल्या. पण छन्नी-हातोडा काही कधी हातात आला नाही. "बाईनं घमेलं उचलावं, भिंतीचं आमी बघू," असं कानिफनाथ मिस्त्री म्हणायचा आणि भीमाबाई पदर खोचून पुढचं घमेलं डोक्यावर घ्यायच्या.

त्या बासष्ट वर्षांच्या झाल्या तेव्हा लेकानं, संदीपनं, स्वतःचं स्लॅबचं घर बांधलं. आणि त्याच घरात मित्रा नावाच्या चार वर्षांच्या नातीला धाप लागायला लागली.

मे उजाडला तशी रोज पहाटे तिची छाती शिटी वाजवायची. डॉक्टरांनी औषध दिलं, तोंडात मारायचा पंप दिला आणि विचारलं, "घरात ओल आहे का?"

संदीपला हसूच आलं. "डॉक्टर, आमच्या नळाला दोन दिवसाआड पाणी येतं. ओल कुठनं आणू?"

शेवटी सून यशोधरानं नगरला भावाला फोन लावला. चेतनच्या फ्लॅटमध्ये एसी होता. "रविवारी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "पावसाळा लागेपर्यंत राहा दोघी माझ्याकडे."

भीमाबाईंची तव्यावरची भाकरी करपली. नात नाही, तर हे घर बांधलं कुणासाठी?

"रविवारपतुर मला दे, यशू. पोरगी हितंच बरी करते."

"आई, हट्टानं धाप जाते का?"

"हट्ट न्हाई गं. घर हाय हे. घरं मला कळत्यात."

बोलून गेल्या खऱ्या, पण कळत काहीच नव्हतं. गाद्या उन्हात टाकून झाल्या, जाळीजळमटं काढून झाली, उदबत्ती बंद झाली. शिटी तशीच.

बुधवारी त्यांनी आमटीत घालायला मिठाची बरणी उघडली. मीठ पाझरून त्याचा गोळा झाला होता. पापडाचा डबा उघडला, तर पापड चामड्यासारखे वाकले.

"मे महिन्यात मीठ पाझरतं व्हय?" त्या बरणीलाच म्हणाल्या. मग तशाच आतल्या खोलीत गेल्या आणि खांदा लावून कपाट सरकवलं. मागची भिंत काळी कुळकुळीत. बुरशी!

खोलीच्या मधोमध कूलर घरघरत होता. खिडक्या बंद, फटींमध्ये जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासलेल्या.

संदीप धावत आला. "आये, ह्या चिंध्या कुणी कोंबल्या?"

"म्या." भीमाबाई मटकन खाली बसल्या. "गारवा पळू नये म्हनून. गारवा काय कोंबडी हाय, डालून ठेवायला! रोज दोन-तीन बादल्या पानी ह्यो पितो. ते हवेतच गेलं, अन् हवेला बाहेर वाटच न्हाई. पोर रातभर त्यातच."

मग त्या उठल्या. "लाव त्या कानिफनाथला फोन."

मिस्त्री सोमवारी येतो म्हणाला.

"सोमवारी? रविवारी पोर चालली! आन ती छन्नी."

"आये, नव्या घराला भोक पाडणार? स्लॅब खाली आला म्हंजे?"

"स्लॅब बीमवर हाय, इटांवर न्हाई. बीम सोडून वीतभर खाली पाडते. तीस वर्षं काय डोळे मिटून घमेली दिली व्हय रं?"

पोरीला शेजारी धाडलं. यशोधरानं नाकाला ओढणी बांधली आणि बुरशी ओल्या फडक्यानं पुसून काढली. संदीपनं लोखंडी स्टँड ठोकून कूलर खिडकीबाहेर उभा केला, तोंड आत, पाठ मोकळ्या हवेला. आणि समोरच्या भिंतीला, वर, भीमाबाई शिडीवर. पहिला घाव चुकला, दुसऱ्याला अंगठा ठेचला. तिसऱ्याला वीट बोलली. संध्याकाळपर्यंत आरपार आभाळ दिसलं. गुरुवारी झरोक्याला जाळी बसली, ऊन परतवायला स्लॅबवर चुन्याचे दोन हात झाले.

कूलर सुरू केला तशी वाळत टाकलेले मित्राचे फ्रॉक झरोक्याच्या दिशेनं फडफडले.

"बघ यशू, हवा निघाली गावाला!"

शुक्रवारी पहाटे शिटी बारीक झाली. शनिवारी आली नाही. यशोधरानं दोनदा उठून पोरीच्या छातीला कान लावला. संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं. "छाती साफ आहे. औषध मात्र मी सांगेपर्यंत सोडू नका," ते म्हणाले.

रविवारी भर दुपारी चेतन घामाघूम होऊन आत आला, टेकला आणि इकडेतिकडे बघायला लागला. "मावशी, एसी कुठं बसवलात?"

भीमाबाईंनी ठेचलेला अंगठा वर केला.

यशोधरानं भरलेली बॅग उघडली आणि एकेक फ्रॉक परत कपाटात ठेवायला लागली. "दादा, जेवून जा," ती म्हणाली. "आम्ही काही येत नाही." मित्रा मामाच्या गाडीभोवती धावत होती. चार फेऱ्या झाल्या, धाप नाही.

सोमवारी कानिफनाथ मिस्त्री हत्यारं घेऊन हजर. मान वर करून बराच वेळ बघत राहिला. कड सरळ, उतार बाहेरच्या अंगाला, पावसाचं पाणी आत यायची सोय नाही.

"कोन मिस्त्री हुता?"

"बाई हुती," भीमाबाई म्हणाल्या.

मिस्त्रीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "नव्या साईटवर बारा खोल्या हायेत, भीमाबाई. झरोका कुठं सोडायचा, येऊन दावाल का?"

"येते की. पन आधीच सांगते, घमेलं दुसऱ्याला उचलायला लाव."