दोन कंपन्यांचा शेजारधर्म

ऑकलंडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंग विभागाचा प्रमुख होतो. वेलिंग्टनच्या एका कंपनीशी आमचे तोंडी ठरलेले होते: त्यांची माणसे आम्ही घ्यायची नाहीत, आमची त्यांनी घ्यायची नाहीत. आमचे साहेब हसून म्हणत, "वी आर गुड नेबर्स, मेट." मी मनातल्या मनात त्याचे 'शेजारधर्म' असे भाषांतर केले. शब्द इतका सज्जन होता, की त्याच्या आड काय चालले आहे हे पाहण्याची गरज मला वाटली नाही.

२०१३ साली माझ्याच विभागातल्या, पुण्याहून आलेल्या एका टेस्टरने त्या कंपनीत अर्ज केला. तिचा नवरा वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला नोकरीला होता. ती लहान मुलीला घेऊन इकडे ऑकलंडच्या न्यू लिन उपनगरात राहत होती. तिघांनी एका घरात राहावे, एवढीच तिची इच्छा होती. मुलाखत उत्तम झाल्याचे तिकडच्या मॅनेजरनेच मला फोनवर सांगितले. "तुझी काही हरकत?" त्याने विचारले. मी नुसते 'नाही' म्हटले असते, तरी पुरले असते. मी म्हणालो, "आपलं ठरलेलं आहे ना?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली.

"दादा, तुमची तिकडे ओळख आहे. काही कळलं का हो?"

"त्यांना तुझा अनुभव जरा कमी वाटला म्हणे."

खरे कारण सांगता येत नव्हते, म्हणून सुचले ते बोललो. किती सहज बोललो, याची आजही चीड येते.

तिने पुन्हा कुठेही अर्ज केला नाही. वर्षभर नवरा दर शुक्रवारी विमानाने येत राहिला. अखेर तिने नोकरी सोडली, अप्पर हटला गेली आणि एका फार्मसीच्या काउंटरवर उभी राहिली. जाताना मला म्हणाली, "तुम्ही स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं, दादा. उगाच आशेवर राहिले असते."

पुढे बातमी वाचली, की अमेरिकेत अशाच करारांविरुद्ध कर्मचाऱ्यांनी एकत्र दावा लावला आणि कंपन्यांना भरपाई देऊन तडजोड करावी लागली. मी ती साहेबांना दाखवली. "दॅट्स अमेरिका, मेट," ते म्हणाले. "इथे कुणाचं काय बिघडलं?" ती तडजोड खरोखरच तिकडच्या माणसांपुरती होती. ओळखीच्या एका वकिलाला विचारले, तर त्याने उलट मलाच विचारले, "कागद कुठे आहे? आणि दावा लावणार कोण? ज्यांना डावललं, त्यांना तरी हे ठाऊक आहे का?"

कागद नव्हता. ठाऊक मला होते. प्रत्येक दार सभ्यपणे बंद होत होते आणि दर वेळी मी वैतागून घरी येत होतो. पण त्या वैतागात थोडी सुटकाही मिसळलेली असे, हे कबूल करायला मला आणखी दोन वर्षे लागली.

शेवटी एका रविवारी अप्पर हटला तिच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. मग तिने विचारले, "म्हणजे माझा अनुभव कमी नव्हता?"

"नाही. त्यांना तू हवी होतीस."

"अरे, ऐकलंस का?" तिने आत नवऱ्याला हाक मारली. "मी कमी पडले नव्हते!" तो बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता तिच्या शेजारी उभा राहिला. काय झाले म्हणून मुलीने इंग्रजीत विचारले.

मी क्षमा मागू लागलो. तिने हातानेच थांबवले आणि कागद-पेन माझ्यासमोर ठेवले.

"ते राहू दे, दादा. आत्ता जे म्हणालात ते लिहून द्या. सहीनिशी."

मी लिहिले, सही केली. तिने दोनदा वाचले.

"तारीख घाला."

मी त्या दिवसाची तारीख लिहू लागलो.

"आजची नाही. तुम्ही मला 'अनुभव कमी' म्हणालात, त्या दिवशीची."

ती तारीख मला आठवत नव्हती. तिने सांगितली आणि मी लिहिली.