पुढच्या डब्यातलं तिकीट

नाशिकरोडच्या फलाटावर सकाळी फिनेल टाकतात. त्यानं घाण जात नाही, तिला फक्त वास लागतो. परवा त्या वासात भाचीसोबत उभा होतो. रुळांत कुजकी केळी आणि चहाचे चुरगळलेले कप. समोरचा खांब मूळचा बारीक असणार. लोकांनी पान खाऊन थुंकून थुंकून तो एवढा जाड केलाय, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. एवढं सगळं माझ्या पोटानं निमूट सोसलं. मग भाचीनं तिच्या आईनं दिलेला डबा उघडला, आणि तळलेला डिंक, सुंठ, खारीक, साजूक तूप असा तो बाळंतिणीच्या खोलीतला ऊबदार वास दरवळला. त्या सुवासानं मला ओकारी आली. घरात सगळे हसतात, डिंकाच्या लाडवाची कुणाला शिसारी येते का? मला येते. वीसेक वर्षं येते.

भाची परगावी निघाली होती, तिकीट तपासनीसाच्या परीक्षेला. हे वेड घरात मीच आणलेलं. तरुणपणी मी मनमाडला काकांकडे राहत असे, आणि मनमाडचं मूल आईच्या आधी इंजिनाला ओळखतं. मीही ठरवून टाकलं होतं, व्हायचं तर प्रवासी गाडीवरचा टीसी. मालगाडी नको, कांद्यांशी काय बोलणार? मला माणसं हवी होती, डबेच्या डबे भरून, आणि त्यांना पळायला जागा नको होती. वडिलांचा लग्नातला काळा कोट मी मापाला कापून घेतला. उंबऱ्यावर हात पसरून ‘तिकीट?’ विचारत तीन आत्यांना रडवलं. बाकी तयारी करायची गरजच नव्हती, कारण टीसीला कळायला हवी थाप, आणि थापेत माझा हात धरणारा आख्ख्या जिल्ह्यात नव्हता. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

परीक्षेचं केंद्र नाशिकला होतं. मी सकाळच्या पॅसेंजरनं निघालो, अर्थातच विनातिकीट. आम्हा उमेदवारांची ती रीतच. ज्या रेल्वेत जन्म काढायचा, तिच्याशी आतापासून परक्यासारखं का वागावं? मनमाड सुटताच टीसीनं धरलं. अगडबंब माणूस, खिशात भुईमुगाच्या शेंगा.

“कुठं?”

“परीक्षेला. टीसीच्या.”

तो असा हसला की डबा रुळावरून अर्धा इंच उचलला गेला. “बिनतिकिटाचा टीसी! ऊठ. आधी प्रॅक्टिकल दे. हा डबा तुझा.” आपलं पेन माझ्या खिशाला अडकवून तो खिडकीशी शेंगा सोलत बसला.

मग मी तो डबा तपासला, आणि वाचकहो, माणूस या प्राण्याचा मला जो उबग आला तो आजवर गेलेला नाही. पायाखाली टरफलं, ओकारी, ओल्या पोत्यांचा आंबूस दर्प, आणि त्याहून आंबूस त्या थापा! पाकीट मारलं. काका वारले. तिकिटाची खिडकी बंद होती. कशालाच कारागिरी नाही. एक बकरीवाला तेवढा भेटला. म्हणाला, “तिकीट हिनं खाल्लं साहेब. लासलगावपर्यंत दम धरा, परत देईल.” त्याला मी हात जोडले आणि पुढं गेलो. कलावंताला तिकीट कसलं?

लासलगावला चढलेली एक बाई दाराजवळ खालीच बसली होती. मांडीत स्टीलचा डबा.

“तिकीट ह्यांच्यापाशी हाय. गर्दीत ते पुढच्या डब्यात चढले.”

एवढंच. ना हुंदका, ना देवाची आण. ही थाप तर इंजिनाहून जुनी! “मावशी, हे झिजलं आता,” मी म्हणालो, “दुसरं काहीतरी सांगा.”

“दुसरं काय सांगू? हाय ते हेच हाय. लेक बाळंत झाली नाशकाला. हे बघा लाडू.” तिनं झाकण काढून पुरावा दाखवला.

“लाडवाचं तिकीट कुठं मागतोय मी?”

डबा खो खो हसला, आणि त्या हशानं मी चढलो. निफाडला तिला खाली उतरवलं. टीसीनं डोळे न उघडताच मान हलवली. गडबडीत तिचा लाडवांचा डबा आतच राहिला. गाडी हलली तेव्हा बाई पुढं बघत होती, आणि पुढच्या डब्याच्या दारातून एक टोपीवाला अर्धा बाहेर लोंबकळत तिच्याकडे बघून ओरडत होता. त्याच्या उंचावलेल्या हातात दोन तिकिटं होती.

“होतं असं,” टीसी टरफल थुंकत म्हणाला. “पास झालास.”

इथून पुढचं मी गेली वीस वर्षं असं सांगत आलोय: साखळी ओढली, उडी टाकली, डबा डोक्यावर घेऊन द्राक्षबागांतून अनवाणी पळत निफाड गाठलं. दर दिवाळीला त्या बागा लांबत गेल्या. एका वर्षी मागं कुत्रीही लागली.

मी जागचा हललो नाही. परीक्षा होती. कसबे सुकेण्याला तो माणूस धापा टाकत आमच्या डब्यात आला. “माझी मंडळी इथं बसली व्हती. निफाडला फलाटावर कशी काय?”

“निफाडला उतरल्या,” मी म्हणालो. उतरवलं, असं म्हणालो नाही. जन्मातली माझी सगळ्यात लहान थाप, आणि सगळ्यात घाणेरडी. मी डबा त्याच्या हाती दिला. “बरं झालं तुम्ही संभाळला,” असं म्हणून तो घाईनं उतरला. परतीची गाडी कधी होती, ती बाई फलाटावरच थांबली होती का, लेकीपर्यंत ते लाडू पोचले का, यातलं मला काहीएक ठाऊक नाही. माझ्या बोटांना डब्याचं तूप लागलं होतं. उत्तरपत्रिकेवर त्याचा डाग पडला. निकाल मी बघितला नाही.

परवा फलाटावर हे सगळं भाचीला पहिल्यांदाच जसं घडलं तसं सांगितलं. ना बागा, ना कुत्री. ती हसायला लागली. “काहीतरीच, मामा! तू पळालाच असशील. कुत्र्यांचं सांग ना.”

“नाही पळालो गं. हे असंच आहे.”

“छे! आज रंगलीच नाही गोष्ट.”

तिची गाडी आली. एक लाडू माझ्या तळहातावर ठेवून ती पुढच्या डब्यात चढली. इतक्या वर्षांत फलाट उंच झाले, कोट बदलले, तिकिटं फोनमध्ये गेली. खरं मात्र अजून तसंच बोलावं लागतं, सपाट, बिनरंगाचं, आणि ऐकणाऱ्याच्या मर्जीवर. गाडी हलली. मी पुढच्या डब्याकडे बघत उभा राहिलो, मुठीत तो लाडू मऊ होईपर्यंत.