सासूबाईंचा कडू घास

सुरतेत, गोडादऱ्याला आमच्या गल्लीच्या आसपास कुणाच्या घरी माणूस गेलं, की माझ्या घरी तवा चढतो. मेलेल्याशी माझं काही नातं नसतं, पुष्कळदा तोंडओळखही नसते. पण अनुसयाबाई माझ्या सासूबाई आहेत, हा माझा गुन्हा, आणि त्याची शिक्षा मी या घरात आल्यापासून भाकऱ्या थापून भोगते आहे.

आमच्या खानदेशात ज्या घरात मयत झाली त्या घरी चूल पेटवत नाहीत. सोयरे, भाऊबंद डबे घेऊन येतात आणि रडणाऱ्यांना बळेबळे दोन घास भरवतात. त्याला म्हणतात कडू घास. गावाकडे कुणी कुणाच्या घरी न्यायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे, त्यामुळे कुणी उपाशी राहत नाही. सुरतेत सोयरे आणायचे कुठून? एक भाऊ कोसाडला, दुसरा अजून लांब, तिसरा लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, पाळीवर. म्हणून आमच्या सासूबाईंनी सगळ्या गोडादऱ्याची सोयरीक अंगावर घेतली. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, फरक एवढाच की भाजायला मी आणि न्यायला त्या.

बाईंना अक्षर येत नाही, पण माझ्या मुलाच्या, प्रशांतच्या मोबाईलवर समाजाच्या ग्रुपमध्ये हार घातलेला फोटो आला की लांबून ओळखतात. "कोन गयं रे?" म्हणून चष्मा शोधतात, आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, "रंजना, पीठ काढ वं." मी साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणते. हाताला गोंद, समोर अर्धवट साडी, आणि उठायचं भाकरी थापायला. बेसन मात्र त्या स्वतः करतात. खानदेशी लोक पिठल्याला बेसन म्हणतात, आणि त्यांचं बेसन चांगलं होतं, हे मी रागातसुद्धा कबूल करते.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? परत आल्यावर त्या खूश असतात. मयताच्या घरून आलं की माणसाने अंघोळ करून गुमान बसावं. या अंघोळ करतात आणि चहा मागतात, वर "आलं टाकजो" म्हणतात. गुडघे दुखत नाहीत, कंबर धरत नाही, जेवतात पोटभर. एकदा मी न राहवून म्हटलं, "आई, लोकांच्या घरी रडारड आणि तुमच्या तोंडावर तेज. कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

"त्यासनी खादं ना वं," त्यांनी खाल्लं ना, एवढंच म्हणाल्या. जसं काही त्यात सगळं आलं.

लोक काय म्हणत होते ते मला माहीत होतं. हळदीला, डोहाळजेवणाला आम्हाला बोलावणं येतं ते "रंजनाताई, तुम्ही या" असं. सासूबाईंचं नाव कुणी घेत नाही. ज्या बाईला त्यांनी स्वतःच्या हाताने भरवलं, तीच बाई पुढे घरात शुभकार्य निघालं की रस्त्यात यांच्या हातात पिशवी बघून दुसऱ्या बाजूने जाते. म्हाताऱ्या माणसाला हे कळत नसेल? कळतं. काही वाटत नाही, हे माझं दुखणं.

आणि मग झाला तो लक्ष्मणच्या घरचा तमाशा.

लक्ष्मण पलीकडच्या गल्लीत राहतो, तेलंगणाकडचा विणकर. त्याची म्हातारी अम्मा बरेच दिवस ओट्यावर दिसली नव्हती. एका सकाळी सासूबाई दूध घेऊन आल्या त्या तोंडाला पदर लावूनच. लक्ष्मणच्या गॅलरीत तो आणि त्याचे दोन्ही भाऊ उभे होते, तिघांचीही डोकी गुळगुळीत. आमच्याकडे एका घरात सगळ्या पुरुषांनी डोकं भादरलं तर त्याचा अर्थ एकच. "म्हातारी गयी," सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, आई, आधी विचारा तरी. तर म्हणे, असं कुणी विचारतं का?

डबा भरला. मला पिशवी धरायला नेलं. लक्ष्मणच्या दारात पोचल्याबरोबर बाईंनी बसकण मारली, त्याच्या बायकोला कवेत घेतलं आणि असा काही हंबरडा फोडला की ती बिचारीही घाबरून रडायला लागली. तिला वाटलं, आमच्याच घरचं कुणी गेलं. शेजारणी जमल्या. तेवढ्यात आतून लक्ष्मणची अम्मा बाहेर आली, धडधाकट, आणि तिचंही डोकं गुळगुळीत! सगळं कुटुंब तिरुपतीला नवस फेडून आदल्या दिवशी आलं होतं. तिकडे बायकाही केस देतात, हे आम्हाला काय माहीत?

लक्ष्मण ओरडत होता, "अम्मा जिंदा है! ये मैयत का खाना मेरे घर में क्यूँ लाया?" मी जमीन दुभंगायची वाट बघत उभी. सासूबाई मात्र डोळे पुसून अम्माशेजारी बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. घरी आलो तेव्हा डबा रिकामा होता.

"म्हातारीले बेसन गोड लागनं," बाई म्हणाल्या. "भातसंगे खाई गयी."

मी कपाळावर हात मारून घेतला.

ही गोष्ट गोडादऱ्यात राहिली असती तर चाललं असतं. ती पोचली चलथाणला. तिथल्या एका घरची मुलगी, स्वाती, आम्ही प्रशांतसाठी बघितली होती. वडील गोपालभाऊ साखर कारखान्यात, मुलगी शिकलेली, आमच्या पोराला पसंत. प्रशांत एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर आहे. अशा मुलांना हल्ली मुली मिळत नाहीत, आणि मिळाली ती आजीपायी हातची जाते की काय? मध्यस्थ निंबाकाका येऊन सांगून गेले, "ते लोक विचारत होते, जिवंत माणसाच्या घरी कडू घास नेणारी बाई ती हीच का?"

त्या दिवशी माझे यजमान, भगवान, प्रथमच आईशी मोठ्याने बोलले. "आई, हात जोडतो. पोराचं लग्न होईपर्यंत कुणाच्या दारावर जाऊ नकोस."

"बरं. नही जात," त्या म्हणाल्या.

आणि खरंच गेल्या नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. बाई पलंगावर बसल्या त्या बसल्याच. भाकरी अर्धी झाली, मग पाव. गुडघे सुजले. ओट्यासमोरून अंत्ययात्रा गेली की उठून दारापर्यंत जायच्या, चौकट धरून उभ्या राहायच्या आणि परत येऊन बसायच्या. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय झालं. वय काय एका महिन्यात होतं? त्या आजारी नव्हत्या, बिनकामाच्या झाल्या होत्या. आणि मला ते बघवत नव्हतं, याचा मला आणखी राग येत होता. ज्या कटकटीतून सुटायला मी इतकी वर्षं देवाला साकडं घातलं, ती गेली तर घर मेल्यासारखं झालं.

बैठकीचा दिवस उजाडला. गोपालभाऊ, त्यांची बायको मालतीबाई आणि निंबाकाका आले. पोहे झाले, चहा झाला. सासूबाईंना मी स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू. मालतीबाईंनी कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "तुमच्या आई मयताच्या घरी अन्न नेतात म्हणे?"

"छे छे, ते आईने कधीच बंद केलं," हे म्हणाले.

आतून पाट सरकल्याचा आवाज आला. बाई भिंतीला धरून बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाहुण्यांसमोर खाली बसल्या.

"मी बंद नही करेल," त्या म्हणाल्या. "यासनी बंद करेल शे." बंद यांनी केलंय, मी नाही, म्हणून बोट मुलाकडे केलं.

हे काहीतरी बोलायला गेले, पण त्यांनी हात वर केला. मग जे सांगितलं ते मी या घरात इतकी वर्षं राहून ऐकलं नव्हतं. सासरे काविळीने गेले तेव्हा हे लोक सुरतेत नवे होते, लिंबायतला एका खोलीत. आमचे हे चार वर्षांचे, नणंद अंगावर पिणारी. खात्यातल्या माणसांनी वर्गणी केली, सगळं नीट केलं, स्मशानातून परस्पर आपापल्या खोलीवर गेले. एकटे राहणारे पुरुष सगळे, कुणाच्या घरी बाई नाही, आणि असली तरी सोयरी नाही. दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला. घास घेऊन कुणीच आलं नाही.

"कोनी वाईट नव्हतं," बाई म्हणाल्या. "जो तो म्हने, दुसरा घास लई जाई. पोऱ्या रडे, माय, भूक लागनी. भूक काय सुतक पाळस? मंग मीच चूल पेटाडी."

मयताच्या घरात घरच्याच बाईने, कुंकू पुसलेल्या हाताने चूल पेटवायची, हे आमच्याकडे किती मोठं आहे ते मालतीबाईंना सांगायला नको होतं. त्यांनी डोळ्याला पदर लावला.

माझे यजमान आईकडे बघत होते. "पण आई," ते म्हणाले, "ती भाकर शेजारणीने दिली होती ना? तूच सांगितलं होतंस. मला आठवते ती भाकर."

"कोनती शेजारीन रे? बापनी राख थंडी नही व्हयनी आन मायनी चूल पेटाडी, आसं सांगू का पोऱ्याले?"

पन्नाशीला टेकलेला माझा नवरा पाहुण्यांसमोर लहान पोरासारखा रडला. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि बेसिनचा नळ सोडून तशीच उभी राहिले.

मला वाटलं, आता सोयरीक पक्की. एवढं ऐकून कोण नाही म्हणेल? चार दिवसांनी निंबाकाकांचा फोन आला. मालतीबाई म्हणतात, आजी देवमाणूस आहे, पण मुलगी द्यायला मन धजत नाही.

देवमाणूस! देव घरात असलेला चालत नाही का लोकांना? मी फोन ठेवला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. चलथाणच्या लोकांना बोलले, निंबाकाकांना बोलले, सासूबाईंना तर सोडलंच नाही. एक गोष्ट महिनाभर पोटात ठेवता आली नसती? तुमच्या नातवाचं मी आता काय करू? बाई ऐकून घेत होत्या. प्रशांत "जवा दे ने, मम्मी," जाऊ दे, असं गुजरातीत म्हणून चप्पल घालून कामाला निघून गेला, पण त्याचं तोंड उतरलं होतं, ते मी पाहिलं. हे म्हणाले, "आता आईला कुणी अडवायचं नाही." अडवायला शिल्लक काय होतं?

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीत एक बांधकामावरचा माणूस गेला. तरणा, विदर्भातला. बायको आणि दोन लहान मुली, इथे कुणीच नाही. मी स्पष्ट सांगितलं, "मी भाकरी थापणार नाही." बाई स्वतः परातीशी बसल्या. त्यांचे ते सुजलेले गुडघे. भाकरी मधेच फाटली. "सरका," मी म्हणाले. अशा आदळल्या भाकऱ्या मी त्या दिवशी, की शेजारी ऐकू गेलं असेल. आणि बाईंना चालवत नव्हतं म्हणून डबाही मलाच धरावा लागला, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात सासू.

खोलीत मुली भिंतीशी बसलेल्या. बाईंनी त्यांच्यापुढे बेसन-भाकर कुस्करली, त्या गपागप खाऊ लागल्या. त्यांची आई मात्र हलेना. बाईंनी तिच्या तोंडाशी घास नेला, तिने मान फिरवली. पुन्हा नेला, पुन्हा फिरवली. बाई दमल्या. घास माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तू दे."

मला कधी हे जमलं नाही, जमवायचंही नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, माझ्या सगळ्यात धाकट्या बहिणीएवढी असेल. आणि माझ्या तोंडून जे होतं तेच बाहेर पडलं.

"खा बाई," मी म्हटलं. "माझ्या पोराची सोयरीक मोडली या भाकरीपायी. रागारागात थापली आहे. पण आता थापली आहे ना, मग खा."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, जशी काही त्या दिवसात पहिल्यांदाच कुणाचं बोलणं तिला ऐकू आलं. मग तोंड उघडलं. मी घास घातला. तिने तो चावला, गिळला, आणि चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी दुसरा मोडला, तिसरा मोडला. तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. भाकरी संपेपर्यंत सोडलं नाही.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बाहेर उन्हात आल्यावरही वाटतच राहिलं. इतकं बरं मला पोराची सोयरीक जमत आली होती तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं, आणि याचाच मला घरी पोचेपर्यंत राग येत राहिला.