दहा दिवसांचं अनुमान

अकरावीला मी तर्कशास्त्र घेतलं ते गणित टाळायला. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं गेली असतील. आम्ही टेमघरला राहायचो आणि कॉलेजातून मी रोज चालत घरी यायचे. वाटेत लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या, कारखान्यांची एक लांब गल्ली लागायची. तिथं सुताच्या चिंध्यांचा ढीग असायचा आणि ढिगावर कुत्री झोपलेली असायची.

एका सोमवारी दुपारी त्यातलं एक तपकिरी कुत्रं उठलं, भुंकलं नाही, काही नाही, सरळ माझ्या घोट्याला चावलं आणि पळून गेलं. सलवारीला दोन भोकं पडली होती. आत दोन दातांच्या जखमा होत्या.

घरी येऊन मी साबणानं जखम धुतली आणि कुणालाच सांगितलं नाही. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात असं तेव्हा सगळेच म्हणायचे. त्याहून मोठी भीती आईच्या एका गोष्टीची होती. तिचं माहेर गणेशपुरीकडचं. तिच्या लहानपणी तिचा एक काका पिसाळलेलं कुत्रं चावून गेला होता. "पानी दिसलं तरी वरडायचा," ती सांगायची. "तांब्या नेला की हात-पाय झाडायचा."

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहावाल्या चाचांना मी विचारलं, कुत्रं पिसाळलेलं आहे हे कसं ओळखायचं. माझ्या मैत्रिणीला चावलंय असं खोटं सांगितलं.

"पागल होगा तो दस दिन में मर जाएगा," चाचा म्हणाले. "लेकिन बेटा, उसको बोलो सुई लगवा ले."

शेवटचं वाक्य मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी धरून बसले ते दहा दिवस.

त्याच आठवड्यात तर्कशास्त्राच्या मॅडम आम्हाला निगामी अनुमान शिकवत होत्या. त्या कल्याणहून यायच्या, फळ्यावर फार कमी लिहायच्या, बोलायच्या जास्त. म्हणाल्या, "दिलेल्या विधानांतून निष्कर्ष अटळपणे निघतो, ते निगामी अनुमान. विधानं खरी आणि मांडणी बरोबर, तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. आता सांगा. वीज गेली तर लूम बंद पडतात. लूम बंद आहेत. म्हणून वीज गेली आहे. बरोबर?"

आम्ही बहुतेक सगळ्यांनी हो म्हटलं. मागच्या बाकावरची, घरचेच लूम असलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, शुक्रवारी सुट्टी असते. वीज असली तरी लूम बंदच."

"शाब्बास. म्हणजे ही मांडणी चुकीची. आता उलटं बघा. लूम चालू आहेत, म्हणून वीज गेलेली नाही. हे मात्र पक्कं."

"आमच्याकडे जनरेटर आहे," तीच मुलगी म्हणाली.

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "मग माझं पहिलं विधानच खोटं ठरलं. मांडणी कितीही चोख असू दे, विधान खरं आहे का ते आधी बघायचं."

हे शेवटचं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत होते: कुत्रं पिसाळलेलं असेल तर ते दहा दिवसांत मरेल. ते मेलं नाही. म्हणून ते पिसाळलेलं नाही. मांडणी लूमसारखीच, पक्की. फक्त दहा दिवस काढायचे होते.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. रोज जाता-येता गल्लीत उभी राहून कुत्रं शोधायचे. तपकिरी पाठ दिसली की श्वास सुटायचा. घरी पाणी प्यायला घेतलं की घसा आवळल्यासारखा व्हायचा. पिसाळलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटते, मला पाण्याची भीती वाटते, म्हणून मला झालंय. ही मांडणी चुकीची आहे, बंद लूमसारखी आहे, हे मला कळत होतं. कळून घसा मोकळा होत नव्हता. आई म्हणायची, "काय झालंय गो तुला? जेवत न्हाय, बोलत न्हाय." मी परीक्षेचं नाव पुढे करायचे.

आठव्या दिवशी कुत्रं ढिगावर उन्हात पडलं होतं. मी चाचांना मुद्दाम हसून म्हटलं, "चाचा, जिंदा है. पागल नहीं था."

"ये वाला?" चाचांनी चहा गाळता गाळता मान वर केली. "ये तो दो भाई थे, एकदम एक जैसे. दूसरा मर गया न, नाले के पास. चार-पाँच दिन हो गए."

"कैसे मरा?"

"मालूम नहीं. टेम्पो के नीचे आया होगा."

मला चावलेलं कुत्रं कुठलं? मी त्याचा कान पाहिला नव्हता, शेपूट पाहिली नव्हती. 'ते मेलं नाही' हे विधान आठ दिवस मी खरं धरून चालले होते, आणि ते खरं आहे का हे मला माहीतच नव्हतं. मेलेल्यानं चावलं होतं, हेही सांगता येत नव्हतं. टेम्पोखाली आलं की आजारानं गेलं, तेही नाही. कुठलाच निष्कर्ष निघत नव्हता, आणि निष्कर्षाची वाट बघण्यात आठ दिवस गेले होते.

मी धावत घरी गेले. आई तांदूळ निवडत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तिनं आधी माझ्या थोबाडीत मारली. मग मला घट्ट धरलं. "आठ दिस? आठ दिस गप राहिलीस?" एवढंच ती बोलत होती. तशीच, तांदळाच्या धुळीनं माखलेल्या हातांनी, तिनं रिक्षा थांबवली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई संतापल्या. "कुत्रं मरतंय का याची वाट बघत बसायचं असतं का? इंजेक्शन त्याच दिवशी सुरू करायचं." पोटात काही टोचलं नाही. एक औषध जखमेभोवती टोचलं, ते भयंकर दुखलं, आणि लस दंडात. एकूण पाच वेळा यायचं होतं.

"आता मला होणार नाही ना?" मी विचारलं.

त्यांनी कागदावर पुढच्या तारखा लिहिल्या. "उशीर झालाय. पण एकही चुकवू नकोस."

मी एकही चुकवलं नाही. तरी पुढचे कित्येक महिने आई मी पाणी पिताना दारात उभी राहून बघायची, आणि ती बघतेय हे मला दिसायचं.

शेवटच्या इंजेक्शननंतर मी मॅडमना वहीचं ते पान दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मांडणी बरोबर आहे म्हणाल्या. मग वही मिटली आणि त्यांचा आवाज बदलला. "मी वर्गात लूमचं बोलत होते आणि तू समोर बसून हे लिहीत होतीस? मला सांगता आलं नाही तुला?"

सांगितलं असतं तर भीती खरी झाली असती, असं काहीतरी तेव्हा वाटत होतं.

मला चावलेलं कुत्रं पिसाळलेलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. जिवंत राहिलेलं तपकिरी कुत्रं मात्र बारावीपर्यंत त्या गल्लीत होतं. मी लांबच्या रस्त्यानं जायचे.