रोखलेला श्वास

नरसिंहरावांनी चामराजपेटेत चाळीस वर्षं कोट शिवले. मशीनची सुई बोटात घुसली तर त्या धंद्यात कुणी ती जखम धरतच नाही. चिंधी गुंडाळायची आणि पुन्हा पायडल मारायचं. त्यामुळं इस्पितळातल्या माणसानं अंगात कुठं लोखंड आहे का विचारलं, तेव्हा ते बिनदिक्कत नाही म्हणाले. एमआरआयच्या खोलीच्या ऐन दारात मुलीला, शलाकाला आठवलं, अण्णांच्या डाव्या बोटात सुईचं टोक मोडून राहिलंय.

सगळं थांबलं. बोटाचा एक्स-रे काढायला नेलं. नरसिंहराव बाकावर बसून लेकीवर धुमसत राहिले. महिन्यामागच्या झटक्यानं हृदयाची पुढची भिंत हलेनाशी झाली होती. ती नुसती गळाठली असेल तर बायपास करून उठेल, मेली असेल तर कापाकापीत अर्थ नाही. ते सांगणार होता हा एमआरआय.

"तुला कुणी विचारलं होतं गे?" ते म्हणाले. "बोट गेलं तर जाऊ दे. अजून नऊ हायेत की."

टोक अगदी बारीक निघालं, तेव्हा शेवटी डॉक्टरांनी परवानगी दिली. यंत्रातल्या चुंबकानं बोटाला चटका बसला, ओढ लागली, तर हातातला रबरी फुगा दाबायचा, म्हणजे तपासणी थांबवतील. आत नुसता खडखडाट. श्वास धरा, अशी कन्नडात आज्ञा यायची आणि छातीत विहीर भरत आल्यागत व्हायचं. बोटात आतून टोचायला लागलं. चुकून दाबला जाईल म्हणून त्यांनी फुगाच सोडून दिला. श्वास मात्र दोनदा सुटला.

दुपारी डॉक्टर भव्यांनी पडद्यावर दाखवलं. औषध टोचल्यावर मेलेला भाग पांढरा दिसतो. पुढची भिंत आतून बाहेरपर्यंत पांढरी होती. बायपासचा उपयोग नाही, गोळ्यांवरच चालवू, म्हणाल्या.

नरसिंहराव खुर्चीच्या कडेला सरकले. "अम्मा, माझा श्वास सुटला होता. त्यानं तसं आलंय ते. परत घाला मला आत. या खेपेला नाही सोडणार."

ती चित्रं लगेच पुन्हा काढली होती, भव्यांनी समजावलं. श्वासानं चित्र हलतं अण्णा, स्नायू मरत नाही.

त्यांनी मान डोलावली, ओठ घट्ट मिटले आणि तिथंच श्वास कोंडून डॉक्टरांकडं बघत बसले. चेहरा काळानिळा पडत चालला, गळ्याच्या शिरा फुगल्या. शलाका त्यांचे खांदे गदागदा हलवत होती, "सोडा अण्णा, सोडा."