कॉम्प्युटरला वाहिलेल्या अक्षता

उज्जैनच्या आमच्या घरी कॉम्प्युटर आला, तेव्हा मुलीला शिस्त मी लावली. हात धुऊनच बसायचं, जवळ खाऊ आणायचा नाही, काम झालं की त्याला भेरूगढच्या छापाची चादर पांघरवायची.

खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा केली. विळी झाली, स्कूटर झाली, मग मी कीबोर्डवरही सढळ हातानं अक्षता वाहिल्या. दाणे बटणांखाली शिरले आणि यंत्र जे पीं-पीं करू लागलं ते थांबेचना.

"बाबा, ये क्या किया! माझं चित्र अजून सेव्ह नाही केलंय!"

"बंद करून चालू करू का?"

"हात मत लगाओ!"

"धुतलेत गं त्यांनी," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

मुलीनं कीबोर्ड उलटा करून थोपटला. दाणे पडले, आवाज थांबला. तिनं आधी चित्र सेव्ह केलं. मग त्यातच हळदीकुंकू आणि झेंडू काढले, रंगाचा फवारा निवडला आणि माउस माझ्या हाती दिला.

"वाहा आता, हव्या तेवढ्या."

मी इतक्या वाहिल्या की चित्रच झाकलं गेलं. तिनं शांतपणे एक बटण दाबलं आणि माझी सगळी पूजा परत घेतली.